‘वेळ आहे का’ विचारलं तर फोन ठेवतील, ही भीती

फोनवरून विक्री करणारी मुलं-मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो. ‘मॅडम, बोलायला वेळ आहे का असं विचारलं की लोक नाही म्हणतात आणि ठेवून देतात. मग विचारायचंच कशाला? एका दमात सांगून टाकलेलं बरं नाही का?’ वरवर पाहिलं तर हा विक्रीच्या तंत्राचा प्रश्न आहे. पण तो विचारणाऱ्याची बहुतेकदा झोप उडालेली असते आणि कामावर जायच्या नुसत्या विचाराने पोट बिघडलेलं असतं. म्हणून त्याचं उत्तर एका केसच्या आधाराने नीट द्यावंसं वाटलं. तिची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती 26 वर्षांची, साताऱ्याकडची. पुण्यातल्या एका लहान कंपनीत मेडिकल दुकानदारांना फोन करून बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर विकायची. रविवारची संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा. सोमवारी हेडफोन लावताना हात गार पडायचे. हल्ली तर समोरच्याने फोन उचलला की तीच घाबरून कट करायची. ‘मला माणसांचीच भीती वाटायला लागलीय,’ असं म्हणत ती आली.

मी म्हटलं, ‘समज मी दुकानदार आहे. लाव फोन.’

‘गुड इव्हनिंग सर, कसे आहात सर, मी अमुक कंपनीतून बोलतेय सर, आपण सध्या कुठलं बिलिंग सॉफ्टवेअर वापरता सर, कारण आमच्याकडे या महिन्यापुरती एक खास ऑफर आहे…’ थेट किमतीपर्यंत जाऊन ती थांबली. खांदे कानांपर्यंत चढलेले, मधे कुठे श्वास नाही. प्रश्न दोन विचारले होते आणि उत्तराला जागा एकालाही ठेवली नव्हती. टीम लीडरने तसंच शिकवलं होतं: ‘फट ठेवू नकोस. फट दिसली की गिऱ्हाईक नको म्हणतं.’

यातली गुंतागुंत अशी, की भीती वाटते म्हणून ती भरभर बोलते आणि भरभर बोलते म्हणून ऐकणारा वैतागतो. त्याने फोन आपटला की भीती खरी होती असं तिला पटतं. पुढच्या फोनला वेग आणखी वाढतो.

‘फोन ठेवला की मनात काय येतं?’ असं विचारलं तर म्हणाली, ‘एवढं साधं कामही मला जमत नाही. निदान ऐकून तरी घ्यायलाच हवं ना त्यांनी!’ या ‘घ्यायलाच हवं’पाशी आम्ही बराच वेळ थांबलो. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा भर नेमका इथे आहे. समोरच्याने ऐकावं ही इच्छा असणं स्वाभाविक आहे. त्याने ऐकलंच पाहिजे हा हट्ट झाला, आणि हट्ट मोडला की माणूस एक तर समोरच्यावर चिडतो किंवा स्वतःला नालायक ठरवतो. ती दुसरं करत होती, दिवसातून कितीतरी वेळा.

मग आम्ही तिला मिळणारे नकार वेगळे करून पाहिले. ‘आत्ता नको’ हा वेळेला नकार आहे. ‘आमच्याकडे आहे सॉफ्टवेअर, चांगलं चाललंय’ हा मालाला नकार आहे. तिच्या माणूसपणाला नकार फार थोड्यांनी दिला होता आणि तेही बहुधा इतरांच्या फोनांनी आधीच पिडलेले होते. तिने मात्र सगळे नकार एकाच खात्यात, स्वतःच्या नावावर जमा केले होते. आणि सगळ्यांत जास्त संख्या होती ती वेळेच्या नकारांची, म्हणजे ज्यावर खरंच काही करता येण्यासारखं होतं त्यांची.

पुढच्या वेळेपर्यंत करायला एकच काम दिलं. संध्याकाळी सातला, दवाखान्यांची गर्दी असते तेव्हा, ओळखीच्या मेडिकल दुकानात अर्धा तास उभं राहायचं आणि फक्त बघायचं.

ती आली ती भरभरून सांगत. काउंटरवर चार माणसं. एका आजींच्या चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही म्हणून दुकानदार काका चिठ्ठी दिव्याखाली धरून बघतायत. मागून कुणी म्हणतंय, ‘काका, डोलोची एक पट्टी द्या पटकन.’ ऑनलाइन पैसे आल्याचं काउंटरवरचा बोलका डबा मोठ्याने सांगतोय. स्टॉकिस्टकडचा मुलगा बिलावर सही मागतोय. तेवढ्यात फोन वाजतो. काका तो मान वाकडी करून खांद्याशी धरतात, ऐकतात, ‘नको नको’ म्हणतात, ठेवतात आणि आजींना पुन्हा पहिल्यापासून विचारतात, सकाळची गोळी कुठली आणि रात्रीची कुठली.

‘मॅडम, तो फोन माझ्यासारख्याच कुणाचा तरी असणार,’ ती म्हणाली. ‘औषध देताना काकांची चूक झाली असती तर?’

तिच्या पोटातला गोळा निव्वळ भीतीचा नव्हता हे मला तेव्हा स्पष्ट झालं. त्यात सद्सद्विवेकाचाही वाटा होता. आपण कुणाच्या तरी कामात न विचारता घुसतोय हे तिला कुठेतरी कळत होतं आणि ते चूक वाटत होतं. समुपदेशनात हे दोन धागे वेगळे करणं फार महत्त्वाचं असतं. भीती कमी करायची असते, पण सद्सद्विवेकाचं ऐकायचं असतं. तिला नुसतं ‘आत्मविश्वास वाढव’ सांगितलं असतं, तर तिच्यातला चांगला भागच आम्ही गप्प केला असता.

आता मूळ प्रश्नाकडे येते. नुसतं ‘वेळ आहे का’ विचारलं तर लोक नाही म्हणतात, हा अनुभव खोटा नाही. कोण, कशासाठी आणि किती वेळ, हे माहीत नसताना अनोळखी माणसाला कुणीही नाहीच म्हणेल. पण म्हणून विचारणं सोडायचं नाही. आधी तेवढी माहिती द्यायची आणि मग विचारायचं. आम्ही दोघींनी मिळून सुरुवात अशी बसवली:

‘नमस्कार, मी अमुक कंपनीतून बोलतेय. सॉफ्टवेअर विकण्यासाठी फोन आहे, एक्स्पायरीचा माल परत गेल्यावर क्रेडिट नोटचा हिशेब ठेवण्याबद्दल. दीड मिनिट लागेल. आत्ता काउंटरवर गिऱ्हाईक असेल तर तसं सांगा, तुम्ही म्हणाल तेव्हा करते.’

एवढं बोलून गप्प बसायचं. हे गप्प बसणं तिला सगळ्यांत जड गेलं. आम्ही खोलीत सराव केला तेव्हा दोन-तीन सेकंदांतच तिचे ओठ हलायला लागायचे. मी तिला त्या वेळात पाय जमिनीला टेकलेत का हे बघायला आणि एक श्वास पूर्ण सोडायला सांगितलं. हळूहळू ते जमलं. ‘सर, कसे आहात’ आम्ही काढून टाकलं. अनोळखी माणसाची खुशाली विचारण्यात जाणारा वेळही त्याचाच असतो.

दीड मिनिट म्हटलं की ते दीड मिनिटच हवं. तिने समोर मोबाइलवर टायमर लावायला सुरुवात केली. वेळ संपली की स्वतःहून सांगायचं, ‘दीड मिनिट झालं. पुढे सांगू की थांबू?’ माझ्या मते सगळ्या सुरुवातीत वजनदार काही असेल तर हे. पहिल्या वाक्यात मागितलेली वेळ पाळली, की सॉफ्टवेअरबद्दल पुढे जे सांगाल त्यावर विश्वास ठेवायला दुकानदाराला काहीतरी कारण मिळतं.

फोन करायच्या वेळाही बदलल्या. मेडिकलवाल्यांना दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. तिच्या यादीत काही कर सल्लागारही होते. महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 तारखेला 3बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची मुदत असते हे तिला माहीत होतं, पण यादीतून नंबर येतो तसा ती लावत होती. 19 तारखेला ज्यांनी तिला सर्वांत कडक शब्दांत झापलं, ते या कर सल्लागारांपैकीच होते. त्यांच्या जागी बसून पाहिल्यावर त्या शब्दांची बोच तिला बरीच कमी वाटली.

एक गोष्ट मात्र तिच्या एकटीच्या हातातली नव्हती. कंपनी साध्या दहा आकडी मोबाइल नंबरांवरून फोन करायला लावायची. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या 2018 च्या नियमांनुसार जाहिरातीचे फोन नोंदणी करून, 140 ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करायचे असतात. आणि 1909 वर नोंद करून ज्यांनी असे फोन बंद ठेवलेत, त्यांनी त्यांचं ‘नको’ आधीच सांगितलेलं आहे. अशा माणसाला किती नम्रपणे फोन केला तरी तो आदर होत नाही. हे तिने टीम लीडरपुढे मांडावं असं मी सुचवलं. कुठल्या शब्दांत मांडायचं याचाही सराव केला, कारण नोकरी जाईल ही तिची धास्ती अगदी खरी होती. यादी तपासून घेण्याची मागणी त्याने वरती कळवली. नंबरांचं कंपनीने अजून काही केलेलं नाही, आणि ती दुसरीकडे अर्ज करतेय.

नव्या सुरुवातीचा टीम लीडरला आधी राग आला. दिवसाचे फोन कमी होतील, असं त्याचं म्हणणं. ते खरंही होतं, थोडे कमी झाले. पण अर्ध्या यादीवर करून बघायला तो तयार झाला. लोक अजूनही नाही म्हणतात. काही जण पहिल्याच वाक्याला ठेवतात. मात्र ‘साडेतीनला करा’ असं सांगणारेही निघाले. एकाला तिने बरोबर साडेतीनला फोन केला, तेव्हा त्याने ‘हां, बोला ताई’ म्हणून स्वतःहून हिशेबाची वही उघडली. सॉफ्टवेअर त्याने घेतलं नाही. ते सांगताना तिच्या आवाजात उदासी नव्हती, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवलं आहे.

‘आत्ता नको’ म्हणून वेळ न देणाऱ्यांचं काय, हे तिने विचारलं होतं. एकदाच विचारायचं, ‘पुन्हा करू का, की नको?’ नको म्हणाले तर आभार मानून तो नंबर यादीतून काढायचा आणि दुसऱ्या नावाखाली पुन्हा आत येणार नाही हे बघायचं. तिच्या ऑफिसात त्यासाठी शीटमध्ये रकानाच नव्हता. तो तिने करून घेतला.

रविवारची झोप आता बरी आहे. महिनाअखेरीला टार्गेट अंगावर आलं की बोलण्याचा वेग पुन्हा वाढतो, आणि त्यावर आमचं काम सुरू आहे.