लघुउद्योगांवर संशोधन सुरू करताना

प्रश्नावली छापायच्या आधी तुमचा ‘लघुउद्योग’ नेमका कोणत्या व्याख्येतला, ते ठरवा. भारतात १ जुलै २०२० पासून गुंतवणूक आणि उलाढाल दोन्ही बघतात. शिवाय १ एप्रिल २०२५ ला सूक्ष्म, म्हणजे सगळ्यात लहान वर्गातल्या उद्योगाची उलाढालमर्यादा ५ वरून १० कोटींवर गेली. आधीची-नंतरची आकडेवारी सरळ शेजारी ठेवलीत, तर धंदा तोच असून वर्ग बदललेला दिसेल. शेजारी देशांशी तुलना करणार असाल, तर त्यांच्या व्याख्याही बघा: बांगलादेशात कामगारसंख्याही मोजतात. आर्थिक वर्षंही जुळवून घ्या: आपलं एप्रिलपासून, पाकिस्तान-बांगलादेशचं जुलैपासून, नेपाळचं जुलैच्या मध्यापासून.

जागतिक बँकेच्या उद्योग सर्वेक्षणाचा मोह सगळ्यांना होतो, पण त्याच्या मुख्य नमुन्यात पाचपेक्षा कमी कामगारांच्या किंवा नोंदणी नसलेल्या आस्थापना येतच नाहीत. आपल्याकडचे बहुसंख्य धंदे तर तसलेच! भारतापुरतं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं असंघटित क्षेत्राचं सर्वेक्षण आधी उघडा.

प्रत्यक्ष मुलाखतीत पहिल्याच भेटीत नफा विचारू नका. करखात्याचा माणूस समजून मालक गप्प होतो. माल कुठून येतो, उधारी किती दिवसांनी सुटते, हिशेब कोण लिहितं, इथून सुरुवात करा. आणि पगार न घेता राबणारी घरची माणसं, विशेषतः बायका, वेगळ्या रकान्यात मोजा.