आईवडिलांशिवाय आलेली निर्वासित मुलं 'लवकर रुळतात' हे खरंय का? आमच्या घरी असा एक मुलगा राहायला येणार आहे

भाषेपुरतं विचाराल तर हो, पटकन रुळतात. पण फाडफाड बोलायला लागला म्हणजे बाकी सगळं पण जागेवर आलं असं धरून चालू नका.

मी दोनेक वर्षं अशा मुलांच्या हॉस्टेलवर संध्याकाळी गणित शिकवायला जायचो. एक सोळा वर्षांचा मुलगा रोज प्लगशेजारचीच खुर्ची पकडायचा आणि चार्जिंगला लावलेल्या फोनकडे बघत बसायचा. मला वाटलं मोबाईलचं वेड, एकदा वैतागून फोन बंद करायला लावला, तो काही बोलला नाही पण पुढचा आठवडाभर आलाच नाही. मग कळलं की त्याच्या आईला रेंज कधी मिळेल याचा काही नेम नाही, एक कॉल चुकला की पुढचा कधी देव जाणे. आणि कॉल आला की हा सांगणार, मी मजेत आहे, जेवण मस्त आहे (धड जेवायचा नाही). मी गपचूप एक एक्स्टेंशन बोर्ड नेऊन ठेवला वर्गात.

म्हणजे पोरगं इथे असतं पण डोक्यात आईबापाची काळजी सतत चालू. हे आजचं नाही. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ मध्ये नाझींपासून वाचवायला सुमारे १०,००० मुलं, बहुतेक ज्यू, ब्रिटनला नेली, किंडरट्रान्सपोर्ट म्हणतात त्याला. आईबाप मागेच. मोठ्यांना घरकामाची नोकरी मिळाली तर व्हिसा मिळायचा, म्हणून त्यातली काही मुलं अनोळखी घरांच्या बेल वाजवून विचारायची, माझ्या आईला कामाला ठेवता का. युद्ध सुरू झालं आणि तो रस्ताही बंद, मग रेड क्रॉसमार्फत फक्त २५ शब्दांचा निरोप. बहुतेकांना आईवडील परत दिसले नाहीत, आणि ज्यांना दिसले त्यातली काही लहान मुलं तोवर जर्मन विसरून गेली होती.

तेव्हा त्याची भाषा सुटू देऊ नका, त्या भाषेतलं कोणी ओळखीचं मिळालं तर बघा. प्रवासात काय काय झालं ते खोदून विचारू नका, अधिकाऱ्यांपुढे तेच तेच सांगून झालेलं असतं. आणि अठराव्या वाढदिवसाला सरप्राईज पार्टी वगैरे आधी त्याला विचारल्याशिवाय नको, बऱ्याच देशांत त्या तारखेला मुलांसाठीच्या सवलती जातात, आईवडिलांना बोलावून घेणं पण अवघड होतं, केक कापायचा मूड नसतो त्या दिवशी.