चाळिशीत हिंदी शिकताना

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, आता हेगमध्ये असते. नवरा सुरीनामी हिंदुस्तानी आहे. त्याचे पूर्वज कंत्राटी मजूर म्हणून कलकत्त्याहून सुरीनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, गेले. आजेसासूबाई सरनामी, म्हणजे तिथल्या हिंदुस्तानींची भाषा, बोलतात. त्याला ती समजते, पण उत्तर तो डचमध्येच देतो. आता चाळिशीत त्याला हिंदी शिकायची आहे. मी घरी शिकवू, की क्लास लावू?

उत्तर : दोन्ही करा, पण आजेसासूबाईंची बोली म्हणजे ‘मोडकी हिंदी’ असं घरात कुणालाही म्हणू देऊ नका. १८७३ ते १९१६ या काळात सुमारे ३४ हजार माणसं सुरीनामला नेली गेली. त्यातली बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातली होती. सरनामी त्या बोलींतून घडली, आजच्या प्रमाण हिंदीतून नव्हे. तुमच्या यजमानांचा वारसा आधी सरनामीत आहे. हिंदी तिच्या जोडीने शिकावी.

त्यांचा कान तयार आहे, अडणार ती जीभ. डचमध्ये क, त, प महाप्राण (हवेच्या झोतासह उच्चारलेले) नसतात, त्यामुळे ते सहज जमतील, पण ख, थ, फ निसटतील. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून ‘पल-फल’, ‘काल-खाल’ म्हणायला लावा. ‘फल’ला पट्टी हलली पाहिजे, ‘पल’ला जवळजवळ नाही. दुसरी खोड शब्दाच्या शेवटी दिसते. डच माणूस शेवटचा घोष वर्ण अघोष करतो, म्हणून ‘सब’चं ‘सप’ आणि ‘रोग’चं ‘रोक’ होतं. त्यावर ‘सबा’ म्हणायला लावून तो ‘आ’ हळूहळू आखूड करत न्यावा.

लिपी पहिल्या आठवड्यापासूनच घ्या. रोज पाच-सहा अक्षरं आणि वीस मिनिटं पुरेत. रोमन लिपीत साधारणपणे त-ट आणि द-ड एकाच अक्षराने लिहितात, आणि चुकीचा उच्चार तिथेच पक्का होतो.

व्याकरणात खरी अडचण ‘ने’ची. सरनामीत ‘हम किताब देखली’, हिंदीत ‘मैंने किताब देखी’. इथे तुमची मराठी कामाला येते : ‘मी पुस्तक पाहिलं, मी वही पाहिली’ यात क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, तसंच हिंदीत. फक्त कर्त्याला ‘ने’ जोडायचा. कर्माला ‘को’ लागला की क्रियापद पुल्लिंगी एकवचनी राहतं : ‘मैंने लड़की को देखा’. मात्र ‘लाना’ आणि ‘भूलना’ यांना ‘ने’ लागत नाही : ‘मैं किताब लाया’. रोज दहा वाक्यं वर्तमानातून भूतकाळात न्यायला द्या. हा भाग महिनाभर घोटावा लागतो, घाई नको.

तुमचे स्वतःचे उच्चारही तपासा. हिंदीत ‘ज्ञान’ म्हणजे ‘ग्यान’, ‘कृपा’ म्हणजे ‘क्रिपा’. ‘जाना’तला ज ‘जिना’तल्यासारखा, ‘जाणं’तल्यासारखा नव्हे. ‘है’ आणि ‘और’ यांचे आपल्यासारखे ‘हइ’, ‘अउर’ असे दोन तुकडे करू नयेत. हे तुमच्याकडून सुटलं तर त्यांच्याकडूनही सुटेल, म्हणून आठवड्याला एक क्लास ठेवा. हेगच्या गांधी सेंटरमध्ये चौकशी करा. ‘सरनामी समजते, लिहिता-वाचता येत नाही’ हे शिक्षकांना आधीच सांगा, नाहीतर पूर्ण नवशिक्यांच्या वर्गात ते कंटाळतील.

यजमानांच्या पूर्वजांचं गाव शोधायचं असेल, तर नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर सुरीनामला गेलेल्या मजुरांची नोंदवही शोधता येते. त्यात नाव, वय, जिल्हा, पोलीस ठाणं आणि गाव मिळतं. नाव सापडलं नाही, तर ‘उ’साठी डच पद्धतीने ‘ओ-ई’ ही दोन अक्षरं घालून पाहा. जिल्हा ‘शाहाबाद’ निघाला तर तो नकाशावर शोधू नका. आजचे भोजपूर, बक्सर, रोहतास आणि कैमूर मिळून तो होता.