गाडीची कुरकुर : वाचकांचे प्रश्न

या वेळी जुन्या गाड्यांच्या आवाजांबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. काहींनी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवलाय, पण त्याचा मला फारसा उपयोग होत नाही. फोनचा एवढासा माइक, त्यात खालच्या पट्टीचं घुमणं नीट येतच नाही, वारा तेवढा ऐकू येतो. त्यापेक्षा आवाज कधी येतो, कशाने वाढतो, कशाने थांबतो, एवढं दोन ओळींत लिहा. निम्मं निदान तिथेच होतं.

प्रश्न : माझी हॅचबॅक चौदा वर्षांची आहे. ताशी ६०च्या पुढे घूं घूं सुरू होतं आणि वेगाबरोबर वाढत जातं. टायरचा आवाज म्हणून चारही टायर बदलले, फरक शून्य. आता मेकॅनिक गिअरबॉक्स उघडायचा म्हणतोय. उघडू द्यावा का?

उत्तर : एवढ्यात नको. मोकळा, सरळ रस्ता बघा. आवाज सुरू झाला की क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर सोडा. इंजिन शांत झालं, गाडी त्याच वेगात आहे आणि घूं घूं तशीच असेल, तर इंजिन संशयातून सुटलं. गिअरबॉक्स अजून सुटलेला नाही, कारण क्लच दाबला तरी त्याचा चाकांकडचा भाग फिरतच असतो. मेकॅनिकने तिथे बोट दाखवलं ते अगदीच हवेत नाही.

आता त्याच वेगात, आपल्या लेनमध्येच, स्टिअरिंग हलकेच एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घ्या. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर पडतो. डावीकडे वळताना आवाज चढला आणि उजवीकडे वळताना दबला, तर बहुतेक वेळा उजव्या बाजूचं व्हील बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं ते) गेलेलं असतं. उलट असेल तर डावं.

मग गाडी जॅकवर घ्या. खाली स्टँड लावा आणि जमिनीवरच्या चाकांना ओंडके. नुसत्या जॅकवर चाकाखाली हात घालू नका. गॅरेजमध्ये बरेच जण चाक वर-खाली हलवून बघतात आणि प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही म्हणून बेअरिंगला पास करून टाकतात. घुमायला लागलेलं बेअरिंग बरेचदा घट्टच असतं. तुम्ही एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं कॉइल स्प्रिंगवर हलकी टेकवा. बेअरिंग खराब असेल तर बारीक करकर स्प्रिंगमधून बोटांना लागते, कानाला काही ऐकू आलं नाही तरी. दुसऱ्या बाजूचं चाक तसंच फिरवून बघितलं की फरक लगेच कळतो. दोन्ही बाजू गुळगुळीत लागल्या, तरच गिअरबॉक्सची गोष्ट काढायची.

बेअरिंग दाबून बसवण्याच्या प्रकारचं असेल तर ते प्रेसवरच बसवून घ्या. हातोड्याने ठोकलं की आतल्या गोळ्यांचे खळगे रेसवर (गोळ्या ज्यात धावतात त्या कड्यावर) उमटतात आणि नवं बेअरिंगही लवकरच गायला लागतं. एबीएसच्या (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) काही गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे आली पाहिजे, नाहीतर आवाज जाईल आणि एबीएसचा दिवा लागेल.

प्रश्न : खराब रस्त्यावर हळू जाताना पुढून टक टक येतं. दोन्ही शॉकअप नवे टाकले तरी आहेच. गंमत म्हणजे मोठ्या स्पीडब्रेकरवर येत नाही.

उत्तर : तुम्ही ज्याला गंमत म्हणताय तेच उत्तर आहे. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, त्यामुळे अँटी-रोल बारला (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, गाडी कलू न देणारी दांडी) पीळ पडत नाही. लहान खड्ड्यात एकच चाक जातं, बार पिळतो आणि त्याच्या टोकाला जोडलेल्या लिंकचे झिजलेले बॉल जॉइंट टकटकतात. गाडी बंद करून चाकं जमिनीवर असतानाच कुणाला तरी गाडी बाजूने हलवायला सांगा आणि लिंकला हात लावून बघा, ठोका हाताला लागेल. तरी खात्री नसेल तर दोन्ही लिंक सोडून, सुटी टोकं नीट बांधून, त्याच रस्त्यावर अगदी हळू एक फेरी मारा. टकटक गेली तर लिंक किंवा बारचे बुश. राहिली तर लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा दांडा) बुशकडे वळा, विशेषतः ब्रेक लावताना ‘ढक्’ होत असेल तर. ते रबरी बुश बदलले तर बोल्टची शेवटची आवळणी गाडीचं वजन चाकांवर आल्यावर करायची. चाक लोंबकळत असताना आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शॉकअपचे पैसे गेले, त्याला आता इलाज नाही.

प्रश्न : सकाळी गाडी सुरू केली की बेल्ट चिरकतो. स्प्रे मारला की बरं वाटतं, पुन्हा सुरू.

उत्तर : स्प्रे बंद करा, त्याने बेल्टवर धूळ चिकटते. इंजिन आयडलवर असताना, सैल कपडे आणि हात लांब ठेवून, बेल्टच्या दातऱ्या बाजूवर बाटलीतून थोडं पाणी फवारा. चिरकणं क्षणभर थांबून परत आलं तर एखादी पुली सरळ रेषेत नाही. पाण्याने आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे, म्हणजे टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) बघा.

प्रश्न : इंजिनमधून जड ठोके येतात. आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकतो, रेस दिली की जातो. डिपस्टिकवर ऑइल पुरेसं आहे. ठरलेला प्रवास आटोपून गॅरेजला दाखवलं तर चालेल?

उत्तर : नाही. तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचं प्रेशर पडलंय ते सांगतो. त्यात ठोके म्हणजे क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) बेअरिंग झिजल्याची दाट शक्यता. गाडी आहे तिथेच बंद ठेवा आणि टो करून न्या. दिव्याचा स्विच काढून तिथे गेज लावून प्रेशर मोजायला सांगा आणि आकडा मॅन्युअलशी ताडून बघा. स्विचच खराब निघाला तर स्वस्तात सुटलात, मग ठोक्यांचं कारण वेगळं शोधू.