कंडक्टरला सांगितलेला नवस

"आदरणीय ताई, मी गोव्यातल्या साखळीची, वय 46. मागच्या आठवड्यात नणंदेच्या मुलीच्या लग्नाची खरेदी करायला मडगावला गेले होते. काम लवकर आटोपलं. स्टँडवर चांदरची बस सुटायच्या बेतात होती. का कोण जाणे, चढले. शाळेत इतिहासाच्या बाई चंद्रपूरबद्दल, म्हणजे जुन्या चांदरबद्दल सांगायच्या, ते डोक्यात होतं. कंडक्टरने 'कोणागेर?' म्हणून विचारलं, तर नवस फेडायचा आहे म्हणाले. तिथे जुन्या महादेवाच्या देवळाचा नुसता पाया उरलाय आणि डोकं नसलेला नंदी. मी तासभर बसून राहिले. इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मग परतीची बस चुकली, फोनची बॅटरी संपली, घरी पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. तेव्हापासून यजमान धड बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात, रविवारी म्हार्दोळला जाऊन म्हाळसेला कौल लावू. बाईने एकटीने असं मनात येईल तिथे जाणं चूक आहे का? यजमानांना कसं समजावू?"

ताई, एकटीने जाण्यात काहीही चूक नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे. नाहीतर "इतकं बरं वाटलं" हे वाक्य तुम्ही लिहिलंच नसतं.

मी अडकले ती कंडक्टरपाशी. त्याने विचारलं काय, तर कोणाकडे जाताय. सासष्टी तालुक्यातल्या खाजगी बसमध्ये हा प्रश्न रोज शंभर जणांना विचारला जातो, उतरायचं कुठे ते कळावं म्हणून. "देऊळ बघायला" म्हटलं असतंत तर त्याने मान डोलावून तिकीट फाडलं असतं. तुम्ही मात्र त्याच्यापुढे नवस ठेवलात. ज्याची तुमची ओळख नाही, जो पुन्हा भेटायचा नाही, अशा माणसाला देवाचं नाव घेऊन खोटं सांगितलंत. यजमान तेव्हा कित्येक मैल दूर होते, सासूबाईंना पत्ताही नव्हता. तुम्हाला कोणीही अडवलं नव्हतं.

आणि तेच तुम्ही घरीही सांगितलंत. पत्रात लिहिलेलं नाही, पण सासूबाई कौल लावायचं म्हणतात ते उगाच नाही. आपल्याकडच्या घरात नवस म्हटला की पुढचा प्रश्न ठरलेला: कशासाठी? कोणाच्या दुखण्यासाठी? 46 वर्षांची सून कोणाला न सांगता चांदरला नवस फेडून रात्री नऊला परत येते, फोन लागत नाही, विचारलं तर धड सांगत नाही. त्या म्हातारीने काय समजायचं? तिला वाटत असणार, हिला डॉक्टरने काहीतरी सांगितलंय आणि ही लपवतेय. यजमानांचा अबोलाही मला रागाचा वाटत नाही. तुमच्या जागी मी त्यांना समजावण्याच्या भानगडीत पडले नसते, कारण त्यांना समजण्यासारखं तुम्ही अजून काही सांगितलेलंच नाही.

मला या सगळ्याचा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. तुम्ही किती सुंदर गोष्ट केलीत! चांदरला लोक जातात ते मिनेझिस ब्रागांझांचा वाडा बघायला. पण चांदर भोज घराण्याची राजधानी होती, त्यांच्यानंतर कदंबांनी तिथून राज्य केलं आणि मग राजधानी गोपकपट्टणला, म्हणजे आजच्या थोरल्या गोव्याला नेली. 1929 साली इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी तिथे खोदकाम केलं. आज त्या जागेवर पुरातत्त्व खात्याचा फलक, विटांचा पाया आणि तो नंदी. कळस नाही, मूर्ती नाही, पुजारी नाही, ओटी घ्यायला कोणी नाही. गोव्यात राहून त्या नंदीपाशी तासभर बसलेल्या किती बायका सापडतील? तुम्ही बसलात, शाळेतल्या बाईंचं एक वाक्य तीसेक वर्षं जपून ठेवलं होतंत म्हणून. आणि त्या एका तासावर तुम्ही स्वतःच्या हाताने नवसाचं पांघरूण घातलंत. ज्या जागी नवस बोलायला देवच उरला नाही, तिथला नवस!

सासूबाईंना हे कळणार नाही असं तुम्ही गृहीत धरलंय. मला तसं वाटत नाही. म्हार्दोळची म्हाळसा मूळची वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा माणसांनी तिला झुआरी नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे आणली. मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून. हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असणार. देव उठून गेल्यावर मागे जी जागा उरते, ती एकदा जाऊन बघावीशी का वाटते, हे आपल्या घरांतल्या म्हाताऱ्यांना सांगावं लागत नाही. त्यांना खोटा नवस मात्र कळणार नाही, कळूही नये.

म्हणून रविवारच्या आत सांगून टाका. रविवार उजाडला, म्हाळसेसमोर कौलाच्या पाकळ्या लागल्या आणि भटजींनी तुमच्या न बोललेल्या नवसासाठी गाऱ्हाणं घातलं, की तुम्हाला तोंड उघडणं दसपट कठीण जाईल. मग एका खोट्या नवसापोटी खरा अभिषेक होईल, आणि चांदरचं नाव तुमच्या घरात कायमचं "त्या दुखण्याच्या वेळचं" होऊन बसेल.

आज संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की यजमान आणि सासूबाई दोघंही समोर असताना सांगा: "नवस नव्हता. मला काही झालेलं नाही. मला ते देऊळ बघावंसं वाटलं म्हणून गेले." यात "सहज" घालू नका, "चुकून" घालू नका, बाईंची आठवण पुढे करू नका. वाटलं म्हणून गेले, इतकंच. रात्री नऊपर्यंत ठावठिकाणा कळवला नाहीत, त्याची मात्र माफी मागा, मनापासून मागा. स्टँडवर कोणाचाही फोन मागून दोन शब्द सांगता आले असते. जाण्याची माफी मागायची नाही. ही दोन वाक्यं एकत्र येऊ देऊ नका, नाहीतर ऐकणारे एकच माफी ऐकतील आणि ती चुकीची असेल.

यजमान विचारतील, "मग मला का नाही सांगितलंस?" तेव्हा सांगा की आधी ठरलेलंच नव्हतं, बस दिसली आणि चढले. तुमच्या त्या सगळ्या दिवसातली ही सगळ्यात खरी गोष्ट आहे, आणि ती अजून तुम्ही घरात कोणालाच सांगितलेली नाही. रविवारी म्हार्दोळला जरूर जा. जाताना गाडीतच सासूबाईंना त्या नंदीबद्दल सांगायला घ्या. साखळीहून म्हार्दोळपर्यंत रस्ता पुरेसा लांब आहे.