गॅमा किरण वातावरणातच अडतात, मग जोडताऱ्याचे गॅमा किरण जमिनीवरून दिसले यावर विश्वास कसा ठेवायचा?

किरण अडतात, पण अडताना हवेत कणांचा वर्षाव होतो. त्याचा निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश आम्ही आरशांनी टिपतो. हे तुम्हाला माहीत असणारच. विश्वासाचा प्रश्न मात्र मला झोंबला, म्हणून लिहितेय.

पीएचडीला माझ्या वाट्याला शर्मिष्ठा तारकासमूहातला एलएस आय +61 303 हा जोडतारा होता. मोठ्या तप्त ताऱ्याभोवती लहानसा सोबती 26.5 दिवसांत फेरी मारतो. आम्हाला रात्री अंधाऱ्या लागतात आणि चंद्राचं चक्र 29.5 दिवसांचं. म्हणून कक्षेचा हवा तो भाग नेमका पौर्णिमेला यायचा, आणि पुढच्या महिन्यात तो जेमतेम तीन दिवसांनी सरकायचा.

रात्रपाळीत नजर ट्रिगर रेटवर, म्हणजे दुर्बीण सेकंदाला किती चमका टिपते त्या आकड्यावर. पातळ ढग आला की आकडा हळूहळू उतरतो. बाहेर जाऊन बघावं तर तारे लख्ख. त्या रात्री बाद, यावर कुणाचाच वाद नव्हता. वाद झाला तो चांगल्या रात्रींवरून. हवा स्वच्छ, आरसे नीट, तरी ताऱ्याकडून काहीच नाही. आलेखात मी त्या रात्री खाली तोंड केलेल्या बाणांनी दाखवल्या, म्हणजे 'असलाच तर गॅमा किरणांचा प्रवाह याच्या खाली'. एक वरिष्ठ म्हणाले, "हे काढ. दिसलंय तेवढंच दाखव." पोस्टर बाणांशिवाय छापलं गेलं. मला ते तेव्हाही चुकीचं वाटलं, आजही वाटतं.

कारण हंस एक्स-3. 1983 मध्ये जर्मनीतल्या कील गटाने या जोडताऱ्याच्या 4.8 तासांच्या आवर्तनाशी जुळणारा संकेत जाहीर केला आणि मागोमाग दाव्यांची रांग लागली. पुढे कितीतरी मोठ्या यंत्रणांना तसं काही सापडलं नाही. सोयीच्या वेळा निवडत गेलं की काहीतरी सापडतंच.

एलएस आय +61 303 वर मी विश्वास ठेवते, कारण ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणीने 2006 मध्ये तो जाहीर करताना न दिसलेल्या रात्रीही मांडल्या. दोन तारे सर्वांत जवळ असताना संकेत नव्हता, दूर गेल्यावर होता. मग ॲरिझोनातल्या व्हेरिटास या दुर्बिणींच्या संचालाही तो दिसला.

अर्थात, पुन्हा दिसणं हीच कसोटी धरू नका. 2008 ते 2010 मध्ये व्हेरिटासला नेहमीच्या भागात ठोस काही मिळालं नाही, आणि 2010 च्या अखेरीस तो कक्षेच्या वेगळ्याच भागात दिसला. तारा स्वतःच बदलतो. आणि दुर्बिणीचं कॅलिब्रेशन धड नसेल तर माझ्या बाणांनाही काडीची किंमत नाही.

तेव्हा पेपर उघडलात की आधी एकूण किती तास पाहिलं आणि त्यातले किती तास कक्षेच्या कुठल्या भागात गेले, तो तक्ता शोधा. नसेल तर लेखकांना सरळ मेल टाकून मागा.