मी शांत राहिले तर काम कोण रेटणार?

प्रकल्पाची जबाबदारी अंगावर असलेली माणसे माझ्याकडे येतात तेव्हा झोप लागत नाही, पित्त वाढले आहे, घरी चिडचिड होते अशा तक्रारी आधी सांगतात. पण थोडे बोलणे झाले की बहुतेकांच्या तोंडून एकच शंका बाहेर पडते. "तुम्ही शांत राहा म्हणता, पण मीच शांत बसलो तर काम कोण रेटणार?" अस्वस्थतेमुळेच आपण धावतो, ती गेली की आपण ढिले पडू आणि हाताखालच्या लोकांना वाटेल की यांना कशाचेच काही पडलेले नाही, अशी ही भीती असते. बौद्ध विचारातील समतेचा, म्हणजे सुखदुःखात मन समतोल ठेवण्याचा, पाली ग्रंथांत जिला उपेक्खा म्हटले आहे तिचा, आधार मी समुपदेशनात बरीच वर्षे घेत आलो आहे, आणि या शंकेचे इतके नेमके उत्तर मला अन्यत्र क्वचितच सापडले आहे. ते एका अनुभवाच्या आधारे सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींतले बोलणे थोडक्यात आणले आहे.

या अनुभवातल्या बाई एका मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या प्रमुख होत्या. काम निम्म्यावर आलेले असताना ग्राहकाने मागण्या बदलल्या होत्या, तारीख मात्र तीच ठेवली होती. त्याच सुमारास त्यांचा मुलगा शिक्षणासाठी दूर गेला होता. बसताना त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला, पण बोलता बोलता बोटाने त्याची कड उचलून स्क्रीन उजळली आहे का, हे त्या पुन्हा पुन्हा पाहत होत्या.

"मला फक्त प्रकल्पाची काळजी आहे," त्या म्हणाल्या. "तो नीट पार पडला की मी आपोआप शांत होईन."

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की त्यावर वाद घालत नाही, ते तपासून पाहायला सांगतो. छातीत धस्स होईल तेव्हा नेमके काय घडले ते एका ओळीत वहीत टिपायचे, एवढेच काम मी त्यांना दिले. बुद्धाच्या उपदेशांचा पाली संग्रह असलेल्या अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात, म्हणजे आठ-आठ गोष्टींच्या विभागात, आठ लोकधर्म सांगितले आहेत: लाभ आणि हानी, कीर्ती आणि अपकीर्ती, निंदा आणि प्रशंसा, सुख आणि दुःख. जग या आठांभोवती फिरते आणि ज्ञानी माणसाच्या वाट्यालाही हे आठही येतातच, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. फरक असतो तो केवळ त्यांच्या येण्याने मन किती हलते यात. पुढच्या भेटीत वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे या चार जोड्यांपैकी लागू पडेल ती पेन्सिलने लिहायला मी त्यांना सांगितले.

"वरिष्ठांनी मेलला उत्तर दिले नाही." "आढावा बैठकीत ग्राहक माझ्याऐवजी दुसऱ्याकडे पाहून बोलला." "अहवालात माझे नाव शेवटी." पान भरत गेले तसतशी निंदा-प्रशंसा ही जोडी खालपर्यंत उतरत गेली. लाभ-हानीच्या ओळी तुरळक होत्या, आणि विशेष म्हणजे त्या ओळींखाली त्यांनी पुढे काय केले तेही लिहिले होते, कारण तिथे करण्यासारखे काही होते.

"म्हणजे मी प्रकल्पाची काळजी करतच नव्हते?"

"करत होतात. पण तुमचा बराचसा जीव स्वतःची प्रतिमा राखण्यात जात होता, आणि थकवा येत होता तो त्याचा."

वर मांडलेल्या शंकेचे निम्मे उत्तर मला इथेच दिसते. काम पुढे नेते ती त्या कामाविषयीची आस्था. अस्वस्थता फक्त तिच्या शेजारी बसलेली असते आणि श्रेय घेत असते. दोन्ही वेगळ्या करून पाहिल्याशिवाय शांततेची भीती जात नाही.

त्यानंतरच्या भेटीला त्या फारच शांत होऊन आल्या, आणि मला ती शांतता आवडली नाही. "आता मी काही मनाला लावूनच घेत नाही," त्यांनी सांगितले. "कोणी अडचण घेऊन आलं की 'तुमचं तुम्ही बघा' म्हणते." टीममधल्या एका मुलीने त्यांना बाजूला घेऊन विचारले होते, "मॅडम, तुम्ही नोकरी सोडताय का?"

हे वळण बहुतेकांच्या बाबतीत येते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी 'विशुद्धिमार्गा'च्या नवव्या परिच्छेदात मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्खा या चार ब्रह्मविहारांचे, म्हणजे मनाच्या चार उदात्त भावनांचे, विवेचन करताना प्रत्येकाचे दूरचे आणि जवळचे शत्रू दाखवले आहेत. आसक्ती आणि द्वेष हे समतेचे दूरचे शत्रू. ते ओळखणे सोपे असते. जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. ती समतेसारखीच दिसते, म्हणून ती धोक्याची. त्याच ग्रंथात असेही सांगितले आहे की उपेक्खेचा अभ्यास पहिल्या तिन्ही भावना साधल्यानंतरच करायचा असतो. ज्याने माणसांवर माया केली नाही, त्याची समता म्हणजे निव्वळ अंग काढून घेणे असते. माझ्या मते बौद्ध मानसशास्त्राने व्यवस्थापनाला दिलेली ही सर्वांत मोलाची सूचना आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे.

मग मी त्यांना याच परिच्छेदातला चार मुलांच्या आईचा दृष्टांत सांगितला. एक मूल तान्हे, दुसरे आजारी, तिसरे तारुण्याच्या भरात आणि चौथे स्वतःच्या कामात गुंतलेले. तान्ह्याने मोठे व्हावे, आजाऱ्याने बरे व्हावे, तरुणाने त्याचा बहर दीर्घकाळ भोगावा, असे तिला वाटते; आणि जो आपल्या उद्योगाला लागला आहे त्याच्याविषयी ती चिंतेत राहत नाही. चौघांवर माया तीच, पण प्रत्येकासाठी तिचे रूप निराळे.

"तुमच्या टीममध्ये कोण कुठे बसतो?" मी विचारले.

त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखले. नुकताच रुजू झालेला मुलगा पहिल्यात गेला. त्याला तीन आठवडे कोणी काही समजावून दिले नव्हते, शिकेल आपोआप, असे त्यांनी गृहीत धरले होते. घरच्या आजारपणामुळे मागे पडलेली एक सहकारी दुसऱ्यात गेली, आणि तिला मिळाले होते ते फक्त आठवणीचे मेल. उत्तम मांडणी करून दाखवलेल्या एका तरुणाचे नाव तिसऱ्यात आले. त्याचे कौतुक राहूनच गेले होते. सर्वांत अनुभवी सहकारी चौथ्यात आला, आणि त्याची प्रत्येक ओळ त्या रोज रात्री उघडून तपासत होत्या.

"सगळं उलटंच आहे," त्या म्हणाल्या आणि पेन खाली ठेवला. बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर त्यांनी चौथ्या रकान्यात आणखी एक नाव लिहिले, मुलाचे. "ह्याला मी दिवसातून तीनदा फोन करते. जेवलास का, झोपलास का. तो उचलतो, पण बोलत नाही."

त्या रकान्याविषयी मी काहीही समजावले नाही, आणि ते बरेच झाले. समुपदेशकाने गप्प बसायचे क्षण थोडे असतात, पण ते चुकवून चालत नाही. समता म्हणजे काळजी कमी करणे नव्हे, तर जिथे तिची गरज आहे तिथे ती नेऊन ठेवणे, हे त्यांच्या हाताने कागदावर आले होते. प्रत्येक जीव आपल्या कर्माचा धनी आहे, हे उपेक्खेचे चिंतन त्यानंतर त्यांना जड गेले नाही.

पुढे काही महिन्यांनी दोन ज्येष्ठ सहकारी पाठोपाठ नोकरी सोडून गेले. "आता मला वाईट वाटतंय, म्हणजे मी पुन्हा मूळपदावर आले का?" त्यांनी विचारले. मी त्यांना संयुत्त निकाय या दुसऱ्या पाली संग्रहातील उक्कचेल सुत्ताची गोष्ट सांगितली. सारिपुत्त आणि मोग्गल्लान या दोन अग्रशिष्यांच्या परिनिर्वाणानंतर गंगेच्या काठी भिक्षुसंघाकडे पाहून बुद्ध म्हणतात की ही सभा मला रिकामी भासते आहे. शोकाने व्याकूळ न होताही ते हे म्हणू शकतात, आणि लगेच भिक्षूंना स्वतःच स्वतःचे द्वीप, म्हणजे आधार, होऊन राहायला सांगतात. उणीव मोकळेपणाने मान्य करणे समतेच्या आड येत नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी टीमसमोर तसेच सांगितले: हे दोघे गेल्याने आपले नुकसान झाले आहे, आणि आता त्यांच्याकडची कामे कोण काय घेणार ते ठरवू या.

माझ्याकडे येणाऱ्या प्रकल्पप्रमुखांना मी प्रगतीची एकच खूण विचारतो: वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर पोचते? ज्याचा चेहरा बातमी ऐकताच बदलतो, त्याला लोक ती शेवटी सांगतात, आणि तोवर उपाय करायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून बातमी येताच "हे कोणामुळे झालं?" असे विचारण्याआधी "याचा फटका कोणाला बसला, आणि आज आपल्या हातात काय आहे?" असे विचारावे, जबाबदारीचा शोध नंतर, डोके थंड असताना घ्यावा. या बाईंकडे नवा मुलगा स्वतःहून येऊन स्वतःची चूक सांगून गेला, तेव्हा त्यांनी मला खास कळवले होते.

समता म्हणजे मुकाट सोसणे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आणि आठवडेच्या आठवडे झोप व भूक हरवली असेल तर चिंतनाच्या भरवशावर न राहता डॉक्टरांना भेटावे. या बाईंनी अखेर वरिष्ठांना पत्र लिहिले, की वाढलेल्या मागण्या मूळ तारखेत बसणार नाहीत, त्याची कारणे ही, आणि पर्याय हे दोन. पत्रात तक्रारीचा सूर नव्हता आणि माफीही नव्हती. तारीख पूर्ण सरकली नाही. काम दोन टप्प्यांत देण्याचे ठरले आणि दुसरा टप्पा दुसऱ्या प्रमुखाकडे गेला. हा बदल चार जोड्यांपैकी कोणत्या जोडीत बसतो, हे त्यांनी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले आणि नव्या प्रमुखाला देण्यासाठी टीमची माहिती तयार करायला घेतली.